सुरी, सूर आणि स्थलांतर : 'द मास्टर बुचर्स सिंगिंग क्लब' या कादंबरीतील कारागीर आणि त्याचे कुटुंब



स्थलांतरितांवरची कादंबरी हातात घेतली की आपल्या मनात एक साचा आधीच तयार असतो. माणूस गरिबीतून निघतो, परक्या देशात उतरतो, हाडाची काडे करतो, दुकान थाटतो, मुले शिकून मोठी होतात आणि अखेरीस तो 'तिथला' होतो. उत्तरपत्रिकेतही हाच साचा उतरतो : कष्ट, संघर्ष, यश. या पाठात आपण ज्या कादंबरीचा विचार करणार आहोत, तिच्या पहिल्या काही प्रकरणांत हा साचा दिसतो. पण तेवढ्यावर थांबून तिच्याविषयी लिहिले, तर तिचे अर्धेअधिक म्हणणे आपल्या हातून निसटते. ही कादंबरी म्हणजे अमेरिकन लेखिका लुईज अर्ड्रिक यांची 'द मास्टर बुचर्स सिंगिंग क्लब' (२००३).

पुढील विवेचनात कथेचा शेवट उघड केला आहे. शक्य असल्यास कादंबरी वाचून मग पाठाकडे या.

१. लेखिका आणि तिचे दोन आजोबा

लुईज अर्ड्रिक यांचा जन्म १९५४ मध्ये मिनेसोटा राज्यात झाला आणि त्या नॉर्थ डकोटातील वॉपेटन या गावात वाढल्या. वडील जर्मन वंशाचे, आई टर्टल माउंटन चिप्पेवा या आदिवासी समूहातील. त्यांच्या बहुतेक कादंबऱ्या आईच्या बाजूच्या, म्हणजे ओजिब्वे लोकांच्या जीवनावर आहेत. 'लव्ह मेडिसिन' (१९८४) या पहिल्याच कादंबरीने त्यांना नाव मिळवून दिले. पुढे 'द नाइट वॉचमन' या कादंबरीला २०२१ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. तिचा नायक त्यांनी आईच्या वडिलांवरून, पॅट्रिक गोर्नो यांच्यावरून रचला आहे. गोर्नो हे आपल्या जमातीचे अध्यक्ष होते आणि १९५० च्या दशकात जमातीची मान्यताच संपवू पाहणाऱ्या सरकारी धोरणाविरुद्ध ते उभे राहिले होते.

आपल्या कादंबरीमागे उभे आहेत ते दुसरे आजोबा, वडिलांचे वडील लुडविग अर्ड्रिक. ते व्यवसायाने खाटीक. पहिल्या महायुद्धात ते जर्मनीच्या बाजूने खंदकात लढले आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांची मुले अमेरिकेच्या बाजूने लढली. एकाच घरातील बाप आणि मुलगे लागोपाठच्या दोन युद्धांत परस्परविरोधी गणवेशांत! ही कादंबरी लुडविग यांचे चरित्र नाही, पण तिचे बीज या विसंगतीत आहे.

दोन्ही आजोबांना एकत्र लक्षात ठेवा. एक समुद्र ओलांडून आलेला, दुसरा आधीपासून तिथलाच. पाठाच्या शेवटी आपल्याला या जोडीकडे परत यायचे आहे.

२. कथानक थोडक्यात

१९१८. युद्ध हरलेला जर्मन नेमबाज फिडेलिस वाल्डफोगेल बारा दिवस पायी चालत घरी पोहोचतो. युद्धात मरण पावलेला त्याचा जिवलग मित्र योहानेस याची वाग्दत्त वधू ईव्हा गरोदर आहे. मित्राच्या मृत्यूची बातमी तिला सांगायला तो जातो आणि तिच्याशी लग्न करतो. १९२२ मध्ये तो एकटाच अमेरिकेला निघतो. सोबत बापाच्या सुऱ्या आणि बॅगभर सॉसेज. प्रवासात सॉसेज विकून तो रेल्वेचे भाडे काढतो. पैसे संपतात तेव्हा गाडी नॉर्थ डकोटातील आर्गस या काल्पनिक गावी पोहोचलेली असते, म्हणून तो तिथेच राहतो. पुढे ईव्हा आणि छोटा फ्रान्झ येतात. मार्कुस, एमिल आणि एरिक ही मुले होतात. 'टान्टे', म्हणजे मुलांची आत्या, हीही येऊन राहते.

याच गावची डेल्फीन ही दारुड्या रॉय वाट्झकाची मुलगी. सिप्रियन लझार या ओजिब्वे कसरतपटूबरोबर खेळ करून ती गावी परतते आणि ईव्हाच्या दुकानात कामाला लागते. ईव्हाला कर्करोग होतो. डेल्फीन तिची अखेरपर्यंत शुश्रूषा करते, मुलांना सांभाळते आणि पुढे फिडेलिसशी लग्न करते. मधल्या काळात टान्टे एमिल आणि एरिक या जुळ्यांना घेऊन जर्मनीला गेलेली असते. दुसरे महायुद्ध सुरू होते तेव्हा या घरातील मुले दोन्ही सैन्यांत असतात.

३. कसब हेच सामान

फिडेलिस अमेरिकेत नेमके काय घेऊन येतो? भाषा येत नाही, पैसा नाही, ओळखीपाळखी नाहीत. जर्मन मार्कची तर त्या काळात माती होत चालली होती. १९२२ च्या सुरुवातीला एका डॉलरला साधारण २०० मार्क मिळत, नोव्हेंबर १९२३ मध्ये तो भाव ४.२ लाख कोटी मार्कांवर गेला. आयुष्यभराची पुंजी रद्दीच्या मोलाची झाली. अशा वेळी किंमत न घसरणारी एकच गोष्ट कारागिराजवळ उरते, ती म्हणजे हातातले कसब.

येथे 'मास्टर' या शब्दाकडे लक्ष द्या. त्याचा अर्थ 'मालक' असा नाही. जर्मन कारागिरीच्या परंपरेत तीन पायऱ्या असत : शिकाऊ, मग गावोगाव फिरून काम करणारा कारागीर, आणि परीक्षा देऊन मान्यता मिळालेला उस्ताद. इतिहासाच्या पुस्तकांत आपण प्राचीन भारतातील 'श्रेणीं'विषयी वाचतो. मध्ययुगीन युरोपातील कारागिरांच्या संघटना काहीशा त्यांच्यासारख्या होत्या. फिडेलिसचा बापही खाटीकच आहे. सॉसेजमध्ये मसाला किती, चरबीचे प्रमाण किती, धुरी किती वेळ द्यायची, हे ज्ञान कागदावर नसते, बोटांत असते. म्हणूनच सॉसेज विकत पुढे सरकणारा प्रवास हा केवळ गमतीचा प्रसंग नाही. या माणसाचे कसब खरोखरच त्याचे तिकीट होते.

मात्र अर्ड्रिक या कसबाची आरती ओवाळत नाहीत. फिडेलिस नेमबाज होता. श्वास रोखून निश्चल राहणे आणि हात न कापणे हा त्याचा युद्धातला गुण. खाटिकाच्या कामालाही तोच स्थिर हात लागतो. ज्या गुणावर घर चालते, त्याच गुणाने माणसेही मारली गेली आहेत. हे साम्य मनात आल्यावर दुकानातील कामाची वर्णने आपण पहिल्यासारखी निर्धास्तपणे वाचू शकत नाही.

४. 'खाटीक' या शब्दापाशी थोडे थांबू

भारतीय वाचकासाठी येथे एक अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाणे योग्य नाही. 'मास्टर बुचर' मराठीत आणताना आपण 'खाटीक' किंवा 'कसाई' म्हणतो. पण मराठीत 'खाटीक' हे जातीचेही नाव आहे आणि 'कसाई' हा शब्द निर्दय माणसासाठी सर्रास वापरला जातो. दोन्ही शब्दांवर तुच्छतेची पुटे चढली आहेत. आर्गस गावात फिडेलिस प्रतिष्ठित दुकानदार आहे. त्याच्याकडे परके म्हणून पाहिले जाईल, पण त्याच्या हातचे मांस घेताना कोणी अंग चोरणार नाही. त्याचा मुलगा खाटीक झाला नाही तरी चालते.

म्हणून 'कसब पिढीजात' हे वाक्य दोन समाजांत दोन अर्थांनी वाचले जाते. तिथे तो बापाकडून मिळालेला वारसा आहे आणि तो नाकारण्याची मुभा आहे. जातिव्यवस्थेत तोच धंदा माणसावर लादला जातो आणि त्याबरोबर सामाजिक अंतरही लादले जाते. कादंबरीवर आपले प्रश्न लादू नयेत हे खरे. पण आपल्या भाषेतला शब्द आपल्याला कुठे अडवतो, हे ओळखणे हाही समीक्षेचाच भाग आहे.

५. शीर्षकात पुरुष, घर चालवणाऱ्या बायका

शीर्षकातले गायनमंडळ कुठून आले? जर्मन पुरुषांच्या गायनमंडळांची परंपरा एकोणिसाव्या शतकात फोफावली आणि स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेली. १८४९ मध्ये सिनसिनाटी येथे तेथील जर्मन गायनमंडळांचा संघ स्थापन झाला होता. त्याआधीची परंपरा 'मास्टरसिंगर' कवि-गायकांची. न्युरेंबर्गचा हान्स झाक्स (१४९४–१५७६) हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध, व्यवसायाने चांभार. वाग्नर यांनी १८६८ च्या आपल्या संगीतिकेत त्याला मध्यवर्ती स्थान दिले. पादत्राणे शिवणारा उस्ताद आणि गाणारा उस्ताद एकच असू शकतो, ही कल्पना अर्ड्रिक यांच्या शीर्षकात डोकावते. नायकाच्या आडनावाचा अर्थही 'रानपाखरू' असा आहे आणि 'फिडेलिस' म्हणजे निष्ठावान.

आर्गसच्या गायनमंडळात धंद्यातला प्रतिस्पर्धी, दारुडा आणि शेरीफ असे सगळे एकत्र गातात. दिवसा एकमेकांशी वैर किंवा व्यवहार, रात्री एकाच सुरात सूर. परक्या देशात आपलेपणाची जागा या पुरुषांना गाण्यात सापडते.

आता जरा हिशेब मांडू. मंडळी गात असताना दुकान आणि घर कोण सांभाळते? आधी ईव्हा, नंतर डेल्फीन. गल्ला, स्वयंपाक, कपडे, चार मुले, आजारपण, हे सारे त्यांच्या अंगावर. ईव्हा डेल्फीनला नुसती कामे सांगत नाही, घर कसे चालवायचे ते शिकवते. फिडेलिसला बापाने उस्ताद केले, तसे डेल्फीनला ईव्हाने केले. फरक इतकाच की या उस्तादीला प्रमाणपत्र नाही आणि शीर्षकात जागाही नाही.

डेल्फीनचा खेळातला भाग आठवा. ती 'मानवी टेबल' आहे : पोटाच्या स्नायूंच्या बळावर ती खालचा भार पेलते आणि वर सिप्रियन तोल सांभाळतो. टाळ्या वरच्याला मिळतात. लेखिकेच्या आजीनेही काही काळ असा खेळ केला होता. पुढे वाल्डफोगेल कुटुंबात डेल्फीन नेमके हेच काम करते. फक्त आता तिच्या पोटावर खुर्च्यांऐवजी एक अख्खे घर उभे असते.

याला जोडूनच आणखी एक गोष्ट पाहू. हे घर रक्ताच्या नात्यावर उभे नाही. फ्रान्झचा जन्मदाता योहानेस. डेल्फीन ही मुलांची आई नाही, आणि शेवटी कळते की रॉय तिचा जन्मदाता नाही. तरी ही माणसे एकमेकांची आहेत, कारण त्यांनी एकमेकांसाठी काम केले आहे. कसब शिकावे लागते तसे या कादंबरीत कुटुंबही शिकावे लागते.

६. कुटुंबाच्या वाट्याला आलेली सीमारेषा

पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जर्मनांविरुद्ध मोठी लाट उसळली होती. आंबवलेल्या कोबीचे जर्मन नावसुद्धा लोकांना नको झाले, त्याला 'लिबर्टी कॅबेज' म्हणू लागले. एप्रिल १९१८ मध्ये इलिनॉय राज्यात रॉबर्ट प्रागर या जर्मन स्थलांतरिताला जमावाने फाशी दिली. शाळेतील मुलाला जर्मन शिकवल्याबद्दल नेब्रास्कात एका शिक्षकाला दंड झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये तो रद्द केला. फिडेलिस अमेरिकेत येतो तो या सगळ्याला जेमतेम चार वर्षे झाली असताना. अशा देशात जर्मन गाणी गाण्याला आपोआपच एक वेगळा अर्थ येतो.

दुसऱ्या महायुद्धात हे घर दुभंगते. फ्रान्झ अमेरिकेच्या हवाई दलात आणि मार्कुस अमेरिकन लष्करात, तर आत्याबरोबर जर्मनीत वाढलेले एमिल आणि एरिक जर्मन सैन्यात. एमिल मारला जातो. एरिक युद्धकैदी म्हणून अमेरिकेत, तेही मिनेसोटात येतो. हा योगायोग कादंबरीकाराने ओढूनताणून आणलेला वाटेल, पण त्या काळात सुमारे पावणेचार लाख जर्मन युद्धकैदी अमेरिकेतील छावण्यांत होते. बाप ज्या देशात सुऱ्या घेऊन आला, त्याच देशात मुलगा शत्रू म्हणून कुंपणाआड उभा राहतो. फ्रान्झही वाचत नाही, आणि तो जातो तो लढताना नव्हे, जमिनीवरच्या अपघाताने. ज्या मुलासाठी फिडेलिसने मित्राला दिलेला शब्द पाळला, तो असा हातचा जातो.

भारतीय उपखंडात ज्यांच्या घरांतून सीमारेषा गेल्या, त्यांना यातले दुःख समजावून सांगावे लागणार नाही. पण एक भेद ध्यानात ठेवा. येथे सीमा घरावर अचानक येऊन आदळली नाही, ती एका स्थलांतराने आणि एका परतीने घडली. टान्टेला जर्मनी हेच घर वाटत होते. तिच्यापुरते पाहिले तर ती मुलांना 'घरी' नेत होती.

७. जमीन कोणाची?

कादंबरीच्या कडेकडेने एक बाई सतत फिरत असते : चिंध्या-भंगार गोळा करणारी 'स्टेप-अँड-अ-हाफ'. शेवटच्या प्रकरणात तिची कहाणी उलगडते. मरायला टाकून दिलेल्या नवजात डेल्फीनला तिनेच वाचवले होते. तिची स्वतःची स्मृती मात्र वूंडेड नीपर्यंत जाते. २९ डिसेंबर १८९० रोजी साउथ डकोटात अमेरिकी घोडदळाने तिथे शेकडो लकोटा स्त्री-पुरुष आणि मुलांची कत्तल केली होती.

जर्मन खाटिकाच्या कहाणीत हे कशाला, असा प्रश्न अनेक विद्यार्थी विचारतात. उत्तर दोन कायद्यांत मिळते. १९२४ च्या मे महिन्यात अमेरिकेने स्थलांतरितांवर देशवार कोटा कडक केला. अवघ्या काही दिवसांनी, २ जून १९२४ रोजी, त्याच भूमीत जन्मलेल्या सर्व आदिवासींना नागरिकत्व देणारा कायदा झाला. म्हणजे फिडेलिस आर्गसमध्ये उतरला तेव्हा तिथल्या अनेक मूळ रहिवाशांना त्यांच्याच मायभूमीत नागरिकत्व नव्हते. सिप्रियन पहिल्या महायुद्धात अमेरिकेकडून लढला आणि फिडेलिस तिच्याविरुद्ध. गावात दुकान थाटून स्थिरावतो तो फिडेलिस, सिप्रियन मात्र तोल सांभाळत भटकतच राहतो. मातीच्या ढिगाऱ्याखाली गाडल्या गेलेल्या मार्कुसला बाहेर काढायला मदतीला येतो तोही सिप्रियनच.

लेखिका फिडेलिसला दोषी ठरवत नाही. तो मेहनती आहे, नेक आहे. पण एखाद्याला 'नवी भूमी' मिळाली असे म्हणताना ती कोणाची 'जुनी भूमी' होती, हे विचारायला ती आपल्याला भाग पाडते. पाठाच्या सुरुवातीचे दोन आजोबा येथे भेटतात.

८. मर्यादा

कादंबरी निर्दोष नाही. रॉयच्या तळघरात सापडलेली प्रेते आणि शेरीफचा खून ही उपकथानके उत्सुकता वाढवतात, पण मुख्य कहाणीपासून लक्ष दूर नेतात. जुळ्यांचे जर्मनीतले वाढणे घाईने उरकले आहे. आर्गसचा मुलगा कट्टर जर्मन सैनिक कसा झाला, हे आपण पाहत नाही, फक्त ऐकतो. फिडेलिसच्या मनातले युद्ध सुरुवातीला ठसठशीत आहे, पुढे ते त्याच्या मौनात विरून जाते.

सर्वांत मोठा आक्षेप शेवटच्या प्रकरणाबद्दल आहे. इतका महत्त्वाचा इतिहास अखेरच्या पानांत रहस्य उलगडल्यासारखा यावा का? माझे मत असे : आशयाच्या दृष्टीने हे प्रकरण अपरिहार्य आहे, ते काढले तर कादंबरी एका सज्जन दुकानदाराची गोष्ट उरेल. रचनेच्या दृष्टीने मात्र ते उशिरा येते. ही बाई आधी थोडी अधिक बोलली असती, तर वाचकाला धक्का कमी बसला असता, पण तिचे म्हणणे अधिक खोल रुजले असते.

९. समारोप

कारागिराचे कसब समुद्र ओलांडते, कुटुंब मात्र अखंड ओलांडत नाही. ते पलीकडे नव्याने उभे करावे लागते. ते उभे करणाऱ्यांची नावे बहुधा पाटीवर नसतात, आणि ज्या जमिनीवर ते उभे राहते, तिची जुनी कहाणी पुसली गेलेली असते. म्हणून पुढच्या वेळी स्थलांतरिताच्या 'यशा'वर लिहाल तेव्हा दुकान किती वाढले एवढेच मोजू नका. घर कोणी पेलले, कोण हरवले आणि तिथे आधी कोण राहत होते, हेही विचारा.

विचारासाठी प्रश्न

१. शीर्षकात गायनमंडळ असताना कादंबरीचे केंद्र डेल्फीन आहे, असे म्हणता येईल का? प्रसंगांच्या आधारे लिहा.
२. 'मास्टर बुचर' या शब्दासाठी तुमच्या मातृभाषेत कोणता शब्द वापराल? त्याला कोणते सामाजिक अर्थ चिकटले आहेत?
३. फिडेलिस आणि सिप्रियन या दोन माजी सैनिकांची तुलना करा.
४. शेवटचे प्रकरण वगळले तर कादंबरीचा अर्थ कसा बदलेल? या पाठातील मत तुम्हाला पटते का? पटत नसल्यास तुमचे कारण मांडा.